सोबत कोण जाणार?

चिपळूणहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला निघालं की कामथे ओलांडल्यावर थोड्या वेळाने सावर्डे येतं. कामथ्याला सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे. सावर्ड्यात कासारवाडीला वालावलकर रुग्णालय आहे. पंचक्रोशीत त्याला ‘डेरवणचं हॉस्पिटल’ म्हणतात. ते १९९६ पासून चालू आहे आणि २०१५ पासून त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. पुढे रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय आहे, आणि राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक तिथेच आहे. म्हणजे अंतराच्या हिशेबाने इथल्या म्हाताऱ्या माणसांचं बरं चाललं पाहिजे. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या बाबतीत दवाखाना किती लांब आहे यापेक्षा सोबत कोण जातं यावर अधिक अवलंबून असतं, आणि तिथेच आपण सगळ्यात कमी विचार करतो.

रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. त्या आकड्यामागे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेलेले चाकरमानी आहेत. घरी सासू आणि सून, किंवा नुसते दोघं म्हातारे, किंवा एकटी आजी आणि दिवसा येऊन जाणारी कामवाली. देशभरातल्या ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीवरून २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठीच्या पुढच्या शंभरांपैकी सातांहून अधिक माणसांना स्मृतिभ्रंश आहे. देशात मिळून ही माणसं सुमारे ८८ लाख होतात. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात हे प्रमाण जास्त आढळलं. कोकणातल्या वाडीचं चित्र या पाहणीत जसंच्या तसं उमटलं आहे: खेडं, म्हातारपण, बाई.

आता दवाखान्याची फेरी डोळ्यांपुढे आणा. आजीला रोज भरवणारी, तिच्या रात्रीच्या येरझारा ऐकणारी, कोणत्या गोळीनंतर ती गुंगते हे ठाऊक असणारी सून. आणि दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसतो तो सुट्टी काढून मुंबईहून आलेला मुलगा. कारण तो शिकलेला, पैसे तो भरणार, डॉक्टरांशी बोलायची सवय त्याला. सून बाहेर बाकावर पिशवी सांभाळत बसते. डॉक्टर विचारतात, हे कधीपासून? मुलगा म्हणतो, गणपतीत आलो तेव्हा जाणवलं. खरी सुरुवात त्याच्या दोन वर्षं आधी झालेली असते. याला कुणाचा वाईट हेतू कारण नाही. पण स्मृतिभ्रंशाचं निदान मुख्यतः हकिगतीवर होतं. मेंदूचं स्कॅनिंग आणि रक्ततपासण्या दुसरी कारणं शोधायला लागतात. विसरणं हळूहळू वाढत गेलं की एका आठवड्यात कोसळलं, आधी काय हरवलं, पैशांचा व्यवहार, स्वयंपाकाचा क्रम की शेजाऱ्यांची नावं, हे रक्तात दिसत नाही. ते सांगणारं माणूस खोलीच्या आत हवं.

आणि हकिगत नीट सांगितली गेली तर कधी कधी फार मोठा फायदा पदरात पडतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा मंदपणा, रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे घसरलेलं सोडियम, पडल्यानंतर मेंदूवर हळूहळू साचलेलं रक्त, खोल उदासीनता, कानांना ऐकू न येणं या सगळ्यांनी माणूस विसराळू आणि सैरभैर दिसतो, आणि यातलं बरंचसं उपचाराने सुधारतं. घरातली मंडळी ‘म्हातारचळ लागला’ म्हणून गप्प बसतात तेव्हा ही संधी जाते. म्हणून पहिली फेरी टाळू नये, असं माझं ठाम मत आहे. नंतरच्या फेऱ्यांबद्दल मात्र उलट म्हणावंसं वाटतं. त्या जितक्या कमी आणि जितक्या आटोपशीर, तितक्या बऱ्या.

कारण दवाखान्याचं आवार या आजाराला अगदी प्रतिकूल असतं. अनोळखी माणसं, मोठ्या आवाजात पुकारलेले नंबर, सारख्या दिसणाऱ्या मार्गिका, सापडेल-न सापडेल असं संडास-बाथरूम आणि तासन्‌तास थांबणं. निरोगी माणूस ‘अजून दहा नंबर आहेत’ हे लक्षात ठेवून बसून राहतो. स्मृतिभ्रंश झालेल्याला आपण इथे का आलो आहोत हेच दर पाच मिनिटांनी नव्याने उमगत नाही. मग ‘घरी चल’ सुरू होतं, आणि आजूबाजूचे लोक बघायला लागतात.

यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. सोबत दोन माणसं हवीत: एकाने केसपेपर काढावा, नंबर लावावा, पैसे भरावेत; दुसऱ्याने आजीला घेऊन बाहेर झाडाखाली किंवा रिक्षात बसावं आणि नंबर जवळ आला की आत यावं. वेळ सकाळची घ्यावी, कारण यांतल्या अनेकांचा गोंधळ दुपार कलल्यावर वाढतो. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर ते आधी उरकून लगेच पेज किंवा चहा-बिस्कीट द्यावं, कारण भूक लागली आहे हे ती सांगणार नाही, नुसती चिडेल. चार दिवस आधीपासून ‘गुरुवारी दवाखान्यात जायचंय’ म्हणून सांगू नये. त्याने चिंता राहते, माहिती राहत नाही. निघताना शांतपणे सांगावं. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी बरोबर हवीच. गळ्यातलं, हातातलं सोनं घरी ठेवावं. बटव्यात किंवा खिशात नाव-गाव-फोन लिहिलेली चिठ्ठी असावी आणि मोबाइलमध्ये त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो असावा.

आणि एकटं सोडू नये. ‘दोन मिनिटं बस, औषधं घेऊन आले’ हे सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात सगळी गोष्ट त्याच दोन मिनिटांतून उलगडते. संस्कृतचे गाढे पंडित असलेले वडील गाडीत बसलेले, मुलगी खरेदीला उतरलेली, रस्त्यावरून हत्ती जातो आणि ते त्याच्यामागे निघून जातात. डॉ. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली आहे. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असल्यामुळे तिच्यात कुठे खोटा सूर लागत नाही. घरात या आजाराचा माणूस असलेल्या प्रत्येकाने हा चित्रपट पाहावा.

तपासणीच्या खोलीत दोन गोष्टी हमखास बिघडतात. डॉक्टर आजीला विचारतात आणि उत्तर सून देते, प्रेमापोटी आणि तिची फजिती होऊ नये म्हणून. त्या वेळी गप्प राहणं हीच मदत असते, कारण ती काय सांगू शकत नाही हेच तर डॉक्टरांना बघायचं असतं. दुसरी गोष्ट याच्या उलट: आजीच्या देखत तिच्या चुकांची यादी वाचली जाते. कपडे ओले करते, चोरीचा आळ घेते, मुलाला ओळखत नाही. विसरलं तरी अपमान कळतो. हे सगळं आदल्या रात्री एका कागदावर लिहून केसपेपरला लावून द्यावं. त्यात पाच-सहा ओळी पुरतात: कधी सुरू झालं, आधी काय बदललं, गेल्या महिन्यात नवीन काय, झोप कशी, खाणं किती, पडली होती का, आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची नावं. आयुर्वेदिक काढे, दुकानातून आणलेलं खोकल्याचं औषध, शेजारणीने दिलेली झोपेची गोळी, काही वगळू नये.

डॉक्टरांकडूनही एक अपेक्षा आहे. आजची तारीख, साल, जिल्हा विचारणाऱ्या चाचण्या शाळेत गेलेल्या माणसाला गृहीत धरतात. जन्मभर शेतात राबलेल्या, निरक्षर बाईला इंग्रजी तारीख आधीही ठाऊक नव्हती. तिला आषाढ चाललाय की श्रावण, लावणी झाली का, गौरी कधी आल्या होत्या, हे विचारलं तर तिची स्मृती खरोखर कुठे आहे ते कळेल. शिक्षण कमी म्हणून गुण कमी पडतात, हे संशोधकांना माहीत आहे आणि कमी शिकलेल्यांसाठी वेगळ्या चाचण्याही तयार झाल्या आहेत. ओपीडीच्या गर्दीत मात्र हे विसरलं जातं. आणि पहिला प्रश्न आजीलाच विचारावा, तिच्याकडे बघून. उत्तर चुकलं तरी चालेल.

आता भरती. खरा कस इथे लागतो, म्हणून यावर थोडं थांबू.

पावसाळ्यात शेवाळलेल्या खळ्यात किंवा चिऱ्याच्या पायरीवर पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं आणि ऑपरेशन करावं लागतं. किंवा लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया. दोन-तीन दिवसांत आजी एकदम वेगळीच होते. रात्रभर ओरडते, सलाइन उपटते, भिंतीवर माणसं दिसतात, किंवा याच्या उलट पडून राहते, हाकेला ओ देत नाही. घरचे म्हणतात ‘वातात गेली’, आणि डॉक्टर कधी कधी ‘डिमेन्शिया आहे ना, असं होणारच’ म्हणून सोडून देतात. पण ही वेगळी अवस्था आहे, डिलिरियम. ती तासा-दिवसांत येते, दिवसभरात कमी-जास्त होते, आणि तिच्यामागे जवळजवळ नेहमी काहीतरी शारीरिक कारण असतं: संसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम, दुखणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, नवीन औषध. ज्यांना आधीच स्मृतिभ्रंश आहे त्यांना हिचा धोका सगळ्यात जास्त. म्हणून सोबतच्या माणसाने सिस्टरला एकच वाक्य न घाबरता, पुन्हा पुन्हा सांगावं: ‘ही नेहमी अशी नसते, परवापासून अशी झाली आहे.’ त्या वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

डिलिरियम काही प्रमाणात टाळता येतो, आणि तो टाळण्यात महागडं काही नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शॅरन इनूये आणि सहकाऱ्यांनी सत्तरीच्या पुढच्या ८५२ रुग्णांवर केलेलं काम १९९९ साली प्रसिद्ध झालं. वेळ-जागा सांगत राहणं, रात्री झोपू देणं, लवकर उठवून चालवणं, चष्मा आणि कानाचं यंत्र लावणं, पाणी पाजणं एवढ्यावर भर दिला तेव्हा डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. तिथे यासाठी स्वयंसेवक प्रशिक्षित करावे लागले. आपल्याकडे खाटेशेजारी नातेवाईक असतोच. त्याला फक्त हे काम आहे हे कुणी सांगत नाही. तो औषधं आणायला धावतो, रिपोर्ट आणायला धावतो, आणि रुग्णाजवळ बसायला त्यालाच वेळ उरत नाही.

ब्रिटनमध्ये उलटी परिस्थिती होती. तिथे भेटीच्या वेळा ठरलेल्या. डॉ. जॉन जेरार्ड यांना अल्झायमर होता. २०१४ च्या सुरुवातीला ते पाच आठवडे रुग्णालयात राहिले, घरच्यांना फारसं जवळ बसू दिलं गेलं नाही, आणि बाहेर आले ते पार खचलेले. त्याच वर्षी ते गेले. त्यांची मुलगी, लेखिका निकी जेरार्ड आणि तिची मैत्रीण ज्युलिया जोन्स यांनी ‘जॉन्स कॅम्पेन’ सुरू केलं. मागणी एकच: स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाजवळ त्याच्या माणसाला हवं तेव्हा थांबू द्या. तिथल्या असंख्य रुग्णालयांनी ते मान्य केलं. आपल्याकडे जनरल वॉर्डात ही अडचण येत नाही, पण अतिदक्षता विभागात येते. तिथेही ओळखीचं माणूस दिवसातून चार वेळा दहा मिनिटं जवळ बसलं, हात धरला, नावाने हाक मारली तर हात बांधण्याची वेळ कमी येते. हात बांधल्याने माणूस शांत होत नाही, जास्त घाबरतो. सलाइनच्या जागी पट्टी गुंडाळून वर लांब बाहीचा सदरा घालणं आणि गरज संपताच लघवीची नळी काढून टाकणं याने जास्त साधतं. हे मागायला नातेवाइकांनी संकोच करू नये.

आणि भेटायला येणाऱ्यांचं काय? कोकणात माणूस भरती झालं की अख्खी वाडी बघायला लोटते. हे प्रेम आहे, पण खाटेभोवती सात माणसं आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, ‘आजी, मला ओळखलंस का?’ हा प्रश्न कुणीही विचारू नये. जाऊन सांगावं: ‘आजी, मी खालच्या आळीतला, तुमच्या सुमनचा मुलगा.’ एका वेळी एकाने भेटावं. दिवसा एक आणि रात्री एक अशी दोनच ओळखीची माणसं सोबतीला ठरवावीत; रोज नवा चेहरा नको.

दुखणं हा आणखी एक दुर्लक्षित भाग. दुखतंय हे सांगता येत नाही म्हणून गोळी मिळत नाही, आणि दुखतंय म्हणून ती ओरडते, मग ओरडते म्हणून झोपेचं इंजेक्शन. कपाळावरच्या आठ्या, कूस बदलताना आवळलेला ओठ, न जेवणं याकडे घरच्या माणसाचं लक्ष आधी जातं. ते डॉक्टरांना सांगावं.

औषधांबद्दल थोडकंच, कारण निर्णय डॉक्टरांचा. सर्दीच्या जुन्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामीन, पोटाच्या कळेसाठीचं डायसायक्लोमीन, कंप कमी करणारं ट्रायहेक्सिफेनिडिल ही औषधं या मेंदूचा गोंधळ वाढवतात. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात हॅलोपेरिडॉलने अंग कडक होऊन जिवावर बेतू शकतं. डोनेपेझिल काहींना थोडा काळ बरं ठेवतं, रोग थांबवत नाही, आणि नाडी मंद करू शकतं. म्हणून चक्कर येऊन पडल्यास हे औषध चालू आहे हे सांगायलाच हवं. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावरच्या प्रत्येक नव्या गोळीपुढे बोट ठेवून विचारावं, ही किती दिवस? रुग्णालयातल्या चार रात्रींसाठी सुरू झालेली झोपेची गोळी कुणी न विचारल्यामुळे वर्षभर चालू राहते. डिलिरियम ओसरायला कधी आठवडे लागतात, तेव्हा घरी आल्यावर पहिल्या पंधरवड्यात ‘आता ही अशीच राहणार’ हे ठरवून टाकू नये.

सांभाळणाऱ्याला आधार दिला तर फरक पडतो का, याचं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यातच मिळालेलं आहे. विकसनशील देशांत स्मृतिभ्रंशाचे दोन-तृतीयांश रुग्ण आणि संशोधन मात्र दहा टक्क्यांहून कमी, या विषमतेवरून नाव घेतलेला ‘१०/६६’ हा संशोधकांचा गट १९९८ साली कोचीत स्थापन झाला. त्याच परंपरेत डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेने गोव्यातल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांसोबत एक प्रयोग केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्याच साध्या शिकलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण देऊन त्यांना घरोघर पाठवलं. त्या आजार समजावून सांगत, रुग्णाच्या वागण्याला तोंड कसं द्यायचं ते दाखवत, लागेल तेव्हा तज्ज्ञांशी गाठ घालून देत. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य स्पष्ट सुधारलेलं दिसलं. मोठं यंत्र लागलं नाही, नवं औषध लागलं नाही. सिंधुदुर्गाच्या पलीकडे जे जमलं ते चिपळूण तालुक्यात जमू नये असं काही नाही.

कायदा आणि योजना यांतलं कामापुरतं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २० सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग सांगतं. ती मागणं हा हक्क आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. कुलमुखत्यारपत्राच्या भरवशावर राहू नये, कारण ते देणाऱ्याची समज गेली की कायद्याने तेही संपतं. सत्तरीच्या पुढच्या सर्वांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले, पण ते भरती झाल्यावर; ओपीडीच्या फेऱ्या, रिक्षाभाडं आणि बुडालेली मजुरी घरालाच सोसावी लागते. १४५६७ ही ज्येष्ठांची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे.

एक नाजूक मुद्दा बाकी आहे. आजार शेवटच्या टप्प्यात गेल्यावर प्रत्येक तापासाठी भरती करायची का? गिळता येईना म्हणून नाकातून नळी घालायची का? शेवटच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढतं असा पुरावा नाही. सावकाश हाताने भरवणं हेच तज्ज्ञ सुचवतात. माझ्या मते अशा वेळी घरच्या खाटेवर, दुखणं आटोक्यात ठेवून केलेली शुश्रूषा ही हयगय नव्हे, तो पूर्ण उपचार आहे. पण हा निर्णय मध्यरात्री १०८ ची गाडी दारात उभी असताना होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेलं आणि २०२३ साली सोपं केलेलं उपचारांबाबतचं इच्छापत्र (लिव्हिंग विल), दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर, समज शाबूत असतानाच करायचं असतं. निदान झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत आजीला स्वतःला विचारा. बहुतेक घरांत तिला कुणीच विचारत नाही.

सावर्ड्यासारख्या ठिकाणी, जिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे तिथे, मेडिसिन, मानसोपचार, अस्थिरोग, नेत्र आणि कान-नाक-घसा हे विभाग एकाच आवारात असतात. महिन्यातली एक सकाळ विस्मरणाच्या रुग्णांसाठी राखून हे सगळे एकाच फेरीत बघता आले, बसायला एक शांत खोली आणि जवळ बाथरूम मिळालं, तर चार फेऱ्यांची एक होईल. भावी डॉक्टरही नातेवाइकाला ऐकायला शिकतील. आणि सुरुवात दारापासून करता येईल. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकासाठी जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात ज्येष्ठांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का? प्रश्न छापलेला आहे, आशाताई दारात येते आहे. तिच्या फॉर्मवर ‘होय’ लिहिलं गेलं की त्या घराला दवाखान्याची तारीख, सोबतीला काय न्यायचं याची माहिती आणि नंतर विचारपूस करायला येणारं माणूस मिळावं, एवढी व्यवस्था जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने करावी.